जुने चार्ट, चालू डॅशबोर्ड आणि अर्धवट नकाशा: स्वतःच्या कामांची यादी कशी लावावी

प्रश्न थोडक्यात असा: बरीच वर्षं वेबसाइट्स केल्या, मग हळूहळू डेटा व्हिज्युअलायझेशनकडे, म्हणजे आकडे चार्ट-नकाशांत मांडण्याकडे वळलो. आता सगळं काम स्वतःच्या साइटवर एका जागी मांडायचं आहे. त्यात क्लायंटच्या साइट्स आहेत, त्यातल्या बऱ्याच नंतर दुसऱ्यांनी बदलून टाकल्या. डीथ्री या चार्ट काढायच्या जावास्क्रिप्ट लायब्ररीच्या जुन्या आवृत्तीत केलेले चार्ट आहेत, ते आता उघडतच नाहीत. एक डॅशबोर्ड चालू आहे, पण त्याचा डेटा मध्येच थांबतो आणि कळतही नाही. एक नकाशा अर्धवट पडलाय. हे सगळं एखाद्या नव्या फ्रेमवर्कमध्ये पुन्हा लिहून काढावं का? आणि चालू कामं पूर्ण होण्याआधी दाखवावीत का?

पुन्हा लिहायच्या फंदात पडू नका. आधी यादी करा आणि प्रत्येक कामापुढे तीनपैकी एक शब्द लिहा: चालू, गोठवलेलं, बंद.

चालू म्हणजे तुमचं त्याच्याकडे अजून लक्ष आहे, डेटा येतोय, आणि काही बिघडलं तर ते इतरांच्या आधी तुम्हाला कळतं. गोठवलेलं म्हणजे त्यात आता काहीही बदलणार नाही, पण ते उघडतं आणि केलं होतं तसंच चालतं. बंद म्हणजे ते चालत नाही आणि चालवायचा विचारही नाही. त्याची चित्रं, जमल्यास छोटा व्हिडिओ आणि दोन परिच्छेदांची नोंद तेवढी ठेवायची. या तिन्हींत कमीपणा कशातच नाही. वाट लागते ती चौथ्या अवस्थेमुळे, म्हणजे चालू असल्यासारखं दिसणारं पण कुणाचंही लक्ष नसलेलं काम. पाहुणा नेमका त्याच लिंकवर क्लिक करतो, समोर पांढरं पान येतं, आणि बाकीचं चांगलं कामही त्याच नजरेने बघितलं जातं. तुमचे डीथ्रीचे चार्ट आणि तो डॅशबोर्ड दोन्ही सध्या या चौथ्या गटात आहेत. त्यांना तिथून बाहेर काढणं हे खरं काम. फ्रेमवर्कचा प्रश्न त्यानंतरचा, आणि बहुतेक वेळा त्याची गरजच पडत नाही.

जुनी कामं मोडतात कशामुळे, हे नीट समजलं की पुढचं सोपं होतं. वेब पुढे गेलं म्हणून ती मोडली असं आपण म्हणतो, पण ते खरं नाही. जगातल्या पहिल्या वेबसाइटची सुरुवातीच्या काळातली प्रत युरोपातल्या सर्न या संशोधन संस्थेने २०१३ मध्ये मूळ पत्त्यावर पुन्हा उभी केली. ती आजच्या ब्राउझरमध्ये व्यवस्थित उघडते. साधं एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट मोडू नये म्हणून ब्राउझर बनवणारे फार काळजी घेतात. मोडतं ते आपण बाहेरून उसनं आणलेलं. ब्राउझरमध्ये ॲनिमेशन आणि खेळ दाखवणारं फ्लॅश हे त्याचं मोठं उदाहरण: ॲडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला हात काढून घेतला आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअरने फ्लॅशचा मजकूर दाखवणंच बंद केलं. गूगल फ्यूजन टेबल्स या ऑनलाइन तक्त्यांच्या सेवेवर कितीतरी नकाशे उभे होते. ती सेवा ३ डिसेंबर २०१९ ला बंद झाली आणि ते नकाशे रिकामे झाले. गूगल मॅप्सने २०१८ मध्ये की (वापरणारा ओळखायचा कोड) आणि बिलिंग खातं सक्तीचं केलं, तेव्हापासून जुन्या पानांवर ते काळवंडलेले, 'फॉर डेव्हलपमेंट पर्पजेस ओन्ली' असा शिक्का मारलेले नकाशे दिसतात. हेरोकू या सर्व्हर चालवून देणाऱ्या सेवेचं फुकट होस्टिंग नोव्हेंबर २०२२ मध्ये संपलं आणि अनेकांचे छोटे छोटे सर्व्हर एकाच आठवड्यात गेले.

पण यापेक्षा सगळ्यांत जास्त आढळणारं कारण अगदी किरकोळ आहे. साइट एचटीटीपीएसवर, म्हणजे सुरक्षित पत्त्यावर गेली, आणि आत स्क्रिप्टचा पत्ता मात्र जुना, नुसत्या एचटीटीपीचा राहिला. ब्राउझर अशी स्क्रिप्ट अडवतो. पानावर काहीच दिसत नाही, ब्राउझरच्या कन्सोलमध्ये (चुका नोंदवणाऱ्या खिडकीत) तेवढी एक लाल ओळ येते. तुमचे उघडत नसलेले चार्ट आधी याच कारणासाठी तपासा. निम्मे तरी एका अक्षराच्या दुरुस्तीने (पत्त्यात 'एस' जोडून) जिवंत होतील असा माझा अंदाज आहे.

एका अक्षराने काम भागलं तरी तिथे थांबू नका, कारण उसनं ते उसनंच राहतं. पॉलिफिल डॉट आयओ या पत्त्यावरची स्क्रिप्ट जुन्या ब्राउझरसाठी म्हणून असंख्य साइट्सनी आपल्या पानात घेतली होती. २०२४ च्या सुरुवातीला ते डोमेन दुसऱ्यांच्या हातात गेलं, आणि जूनमध्ये उघड झालं की मोबाइलवरून येणाऱ्या काही लोकांना तिथून भलत्याच साइट्सवर पाठवलं जातंय. एक लाखाहून जास्त साइट्स त्यात सापडल्या. त्यांच्या मालकांनी स्वतःच्या कोडमध्ये एक ओळही बदलली नव्हती.

आता गोठवायचं कसं ते सांगतो, तुमच्या डीथ्रीच्या चार्टवरच. डीथ्री २०११ मध्ये आलं. २०१६ च्या चौथ्या आवृत्तीत त्याचे तुकडे करून अनेक छोटी मॉड्यूल्स झाली आणि जवळपास सगळी नावं बदलली: 'डीथ्री डॉट स्केल डॉट लिनियर' होतं ते 'डीथ्री डॉट स्केललिनियर' झालं, अक्ष काढायची पद्धत बदलली, फोर्स लेआउट (बिंदूंचं जाळं आपोआप मांडणारा भाग) तर पूर्ण वेगळा झाला. २०१८ च्या पाचव्या आवृत्तीत फाइल वाचताना कॉलबॅक (वाचून झाल्यावर चालवायचं फंक्शन) द्यायची सोय गेली आणि त्याऐवजी प्रॉमिस ही वेगळी पद्धत आली. २०२० च्या सहाव्या आवृत्तीत 'डीथ्री डॉट इव्हेंट' ही जागतिक गोष्टच काढून टाकली. म्हणजे तिसऱ्या आवृत्तीतला चार्ट सातव्या आवृत्तीवर आणायचा तर नावं बदलून भागत नाही, टूलटिपपासून डेटा लोड होण्याच्या क्रमापर्यंत सगळं उकलावं लागतं. आणि इतकं करून बघणाऱ्याला दिसणार काय? तोच चार्ट. त्यापेक्षा तिसऱ्या आवृत्तीची फाइल उतरवून घ्या आणि चार्टच्याच फोल्डरमध्ये ठेवा. ती फाइल आजच्या ब्राउझरमध्येही मुकाट्याने चालते, कारण ती शेवटी साधं जावास्क्रिप्टच आहे.

त्याच फोल्डरमध्ये डेटाची सीएसव्ही किंवा जेसन फाइल, वापरलेले फॉन्ट (परवाना तपासून) आणि चित्रं. चार्ट एखाद्या एपीआयकडून (मागितल्यावर डेटा देणाऱ्या सेवेकडून) डेटा मागत असेल तर त्या एपीआयने दिलेलं शेवटचं उत्तर फाइल म्हणून साठवायचं आणि मागणीचा पत्ता त्या फाइलकडे वळवायचा. एपीआयच गेला असेल आणि हाताशी काही नसेल, तर इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर बघा. पानाबरोबर डेटाची फाइलही तिथे साठलेली असते, असं अनेकदा होतं.

इथे एक खोच आहे. फोल्डरमधली एचटीएमएल फाइल डबल क्लिक करून उघडली तर डेटा येत नाही, आणि लोकांना वाटतं गोठवणं फसलं. तसं नसतं. थेट फाइल म्हणून उघडलेल्या पानाला शेजारची फाइल वाचायला ब्राउझर सुरक्षेच्या कारणाने मनाई करतो. मॉड्यूल पद्धतीच्या स्क्रिप्टही तसंच अडकतात. संगणकावर छोटा लोकल सर्व्हर चालवून पान उघडा, म्हणजे चालेल. मला मात्र डबल क्लिकने उघडणारीच प्रत आवडते, कारण ती पेनड्राइव्हवर टाकली तरी चालते. डेटा फार मोठा नसेल तर तो सरळ एका स्क्रिप्ट फाइलमध्ये व्हेरिएबल म्हणून टाकतो आणि ती फाइल साध्या स्क्रिप्ट टॅगने जोडतो. दिसायला गावंढळ, पण टिकाऊ.

मग तपासणी. डेव्हलपर टूल्समधलं नेटवर्क पान उघडा, डोमेनचा रकाना दाखवायला सांगा आणि पान पुन्हा लोड करा. त्या रकान्यात तुमच्या डोमेनशिवाय दुसरं एकही नाव दिसता कामा नये. ॲनालिटिक्स, फॉन्ट, आयकॉन, शेअरची बटणं, सगळं आलं त्यात. यादी स्वच्छ झाली की गिटमध्ये (कोडचे बदल नोंदवणाऱ्या साधनात) या आवृत्तीला टॅग मारा, रीडमीमध्ये तारीख आणि लायब्ररीची आवृत्ती लिहा, आणि त्या फोल्डरला पुन्हा हात लावू नका. चार्टमधला पाय चार्ट बघून आज कसंतरी होत असेल, तरीही नाही. (१९८४ मध्ये क्लीव्हलँड आणि मॅकगिल या संख्याशास्त्रज्ञांनी प्रयोग करून दाखवलं की माणसाला एकाच मापपट्टीवरची जागा सगळ्यांत अचूक वाचता येते, कोन आणि क्षेत्रफळ बरंच कमी अचूक. तेव्हापासून पाय चार्टला नावं ठेवणं हा आमच्या धंद्यातला आवडता विरंगुळा आहे.) आज केला असता तर पट्ट्यांचा केला असता, अशी एक ओळ खाली लिहिली की पुरे.

मागे सर्व्हरवर कोड चालत असलेल्या साइट्सची गोष्ट वेगळी. जुनं वर्डप्रेस, जुने प्लगिन, वर्षानुवर्षं अपडेट न केलेलं पीएचपी हे तसंच चालू ठेवणं म्हणजे दार उघडं टाकून गावाला जाणं. अशा साइटची सगळी पानं डब्ल्यूगेटसारख्या साधनाने स्थिर एचटीएमएलमध्ये उतरवून घ्या आणि मागचा डेटाबेस बंद करा. शोध, लॉगिन, फॉर्म हे चालणार नाही. ते पानावर स्पष्ट लिहा. पत्ते शक्यतो होते तेच ठेवा. बदलावेच लागले तर ३०१ रीडायरेक्ट (जुन्या पत्त्यावरून नव्यावर कायमचं वळवणं) द्या, कारण जुन्या पानांच्या लिंका कुठे कुठे दिलेल्या असतात हे आपल्याला कधीच पूर्ण माहीत नसतं.

क्लायंटच्या बदललेल्या साइट्सना थेट लिंक देऊ नका. तिथे आता दुसऱ्याचं काम आहे. ते चांगलं असलं तर तुम्ही फुकटचं श्रेय घेता, वाईट असलं तर फुकटची बदनामी. तुमच्या वेळची चित्रं लावा, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत सांभाळली ते लिहा, संपलं. परवानगी नसेल तर नाव न घेता कामाचं स्वरूप सांगा. गोपनीय डेटाचा डॅशबोर्ड दाखवायचा असेल तर आकडे बनावट भरून दाखवा आणि बनावट आहेत हे चित्रावरच लिहा, खाली तळटीपेत नको. चित्र कापून पुढे जातं, तळटीप मागे राहते.

आता डेटाबद्दल, कारण गोठवलेल्या कामाची खरी किंमत तिथे आहे. चार्ट पुन्हा काढता येतो. हरवलेला डेटा परत मिळेलच असं नाही. प्रत्येक कामासोबत तीन गोष्टी ठेवा: मिळाला तसा कच्चा डेटा, साफ केलेला डेटा, आणि पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत नेणारी स्क्रिप्ट. कच्च्या फाइलला हात लावायचा नाही. एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करायचीसुद्धा नाही. एक्सेलच्या आगाऊपणाचा सगळ्यांत गाजलेला बळी म्हणजे जनुकशास्त्र: 'मार्च१', 'सेप्ट२' अशा छोट्या नावांच्या जनुकांच्या तो तारखा करून टाकायचा, आणि २०१६ च्या एका तपासणीत जनुकांच्या याद्या एक्सेल फाइलमध्ये जोडणाऱ्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत ही चूक सापडली. शेवटी नामकरण समितीने त्या जनुकांची नावंच बदलली. पुढे शून्य असलेले कोड, मोठे ओळख क्रमांक यांचंही हेच होतं: शून्य उडतं, आणि लांब क्रमांकाचे पंधराव्या अंकापुढचे अंक शून्य होतात.

जुने चार्ट जिवंत केल्यावर ते दिसतात, पण बरोबर दिसतात का हेही बघा. तीन ठिकाणी मी हमखास डोकावतो.

पहिलं, आकडे खरंच आकडे आहेत का. सीएसव्ही वाचल्यावर डीथ्री सगळं मजकूर म्हणून देतं. मग '९', '१०' आणि '१२०' यांतलं सगळ्यांत मोठं काय असं विचारलं की उत्तर येतं '९', कारण मजकुराची तुलना पहिल्या अक्षरापासून होते. अक्षाची वरची मर्यादा ९ होते आणि १२०ची पट्टी पडद्याबाहेर निघून जाते. हे निदान दिसतं तरी.

दुसरं न दिसणारं आहे, म्हणून जास्त वाईट. मजकुराचा आकडा करायला आपण पुढे अधिकचं चिन्ह लावतो. रिकाम्या मजकुराला ते चिन्ह लावलं तर जावास्क्रिप्ट शून्य देतं. चूक दाखवत नाही, 'आकडा नाही' असंही म्हणत नाही. म्हणजे ज्या दिवशी यंत्र बंद होतं त्या दिवशी पाऊस शून्य, प्रदूषण शून्य, रुग्ण शून्य. रेषा तळाला जाऊन परत वर येते आणि बघणारा त्याचा अर्थ लावत बसतो. रिकाम्या जागा वाचतानाच वेगळ्या काढा आणि रेषेला त्या ठिकाणी तुटू द्या. त्यासाठी डीथ्रीच्या रेषेत 'डिफाइन्ड' ही सोय आहे. तुटलेली रेषा दिसायला वाईट दिसते असं क्लायंट म्हणतात. म्हणू देत.

तिसरं, तारखा. '२०२०-०३-०१' अशी नुसती तारीख जावास्क्रिप्टला दिली तर ती यूटीसीची (जागतिक प्रमाणवेळेची) मध्यरात्र समजली जाते. तीच त्याच क्रमाने, पण मध्ये तिरप्या रेघा देऊन लिहिली तर बहुतेक ब्राउझर ती स्थानिक वेळ धरतात. ग्रीनिचच्या पश्चिमेला बसलेल्या माणसाला पहिल्या प्रकारात १ मार्चचा बिंदू २९ फेब्रुवारीवर दिसतो. तुमच्या संगणकावर सगळं बरोबर, त्याच्याकडे एक दिवस मागे, आणि मासिक बेरजा काढल्या असतील तर महिनाच बदललेला. डेव्हलपर टूल्समध्ये टाइम झोन बदलून बघायची सोय आहे. गोठवण्याआधी एकदा वापरा.

अर्धवट नकाशाकडे येऊ. तुम्ही लिहिलंय की काम थांबलं, कारण हद्दी भरल्या की अख्खा पडदा काळा होतो आणि प्रदेश मात्र पांढरे राहतात. यात तुमच्या डेटाचा दोष नाही. जिओजेसन या नकाशाच्या डेटाच्या फाइल प्रकाराचं २०१६ चं प्रमाण, म्हणजे आरएफसी ७९४६, सांगतं की बहुभुजाची बाहेरची कड घड्याळाच्या उलट दिशेने लिहायची. डीथ्री नकाशे सपाट कागदावर नाही तर गोलावर मोजतं आणि त्याला तीच कड घड्याळाच्या दिशेने हवी असते. गोलावर काढलेल्या वळशाला दोन बाजू असतात: आतला छोटा प्रदेश आणि बाहेरची उरलेली सगळी पृथ्वी. दिशा उलटी पडली की डीथ्री प्रामाणिकपणे उरलेली पृथ्वी भरतं. कडांचा क्रम उलटवणारी छोटी साधनं मिळतात, नाहीतर चार ओळींचं फंक्शन लिहा. नकाशा लगेच ताळ्यावर येईल. जाता जाता रेखांश आधी आणि अक्षांश नंतर आहे ना, तेही बघून घ्या. त्याची अदलाबदल झाली की प्रदेश आडवा होऊन भलत्याच समुद्रात जाऊन पडतो.

तो नकाशा पुढे न्यायचा असेल तर आणखी दोन गोष्टी. रंग भरायला तुम्ही लोकसंख्येसारखे एकूण आकडे घेतले असतील तर ते दर किंवा प्रमाणात बदला, नाहीतर मोठे प्रदेश निव्वळ मोठे असल्यामुळे गडद दिसतील. आणि जगाचा नकाशा असेल तर वेब मर्केटर हा प्रक्षेपणाचा (गोल पृथ्वी सपाट मांडायचा) प्रकार टाळा. तो पडद्यावर सरकवायच्या नकाशांसाठी सोयीचा आहे, पण त्यात ग्रीनलँड आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे १४ पट आहे. समान क्षेत्रफळ राखणारं प्रक्षेपण घ्या, डीथ्रीमध्ये ते निवडणं एका ओळीचं काम आहे. पायाभूत नकाशासाठी बाहेरच्या टाइल्स (नकाशाचे तयार चौकोनी तुकडे) घेतल्या तर तो कधीच गोठवता येणार नाही, आणि ओपनस्ट्रीटमॅपच्या सर्व्हरवरून घाऊक टाइल्स उतरवायला त्यांची परवानगीही नाही. नॅचरल अर्थ या नकाशा-डेटाच्या संग्रहातल्या हद्दी सार्वजनिक मालकीच्या आहेत, तीन मापांत मिळतात. त्यातलं लागेल ते माप टोपोजेसनमध्ये बदलून घ्या. शेजारच्या दोन प्रदेशांची सामाईक सीमा त्यात एकदाच साठवली जाते, त्यामुळे फाइल खूपच लहान होते.

डॅशबोर्डबद्दल. आपोआप चालणारी कामं बिघडतात तेव्हा आवाज करत नाहीत. तुम्ही डेटा आणायचं काम गिटहब ॲक्शन्सवर (कोड ठेवायच्या गिटहबची कामं आपोआप चालवायची सोय) वेळापत्रक लावून ठेवलंय असं सांगितलंत. सार्वजनिक रिपॉझिटरीत (कोडच्या संग्रहात) ६० दिवस काही हालचाल झाली नाही तर गिटहब असं वेळापत्रक स्वतःच बंद करतं. तुमचा डेटा 'मध्येच थांबतो' तो याच पायी थांबत असण्याची शक्यता मोठी आहे. दुसरी शक्यता, मूळ ठिकाणी रकान्याचं नाव बदललं आणि स्क्रिप्ट रिकामी फाइल आनंदाने साठवत राहिली. म्हणून नवी फाइल जुन्या फाइलवर लिहिण्याआधी तीन गोष्टी विचारायच्या: ओळी मागच्या वेळेपेक्षा कमी झाल्या का, हवे ते रकाने आहेत का, शेवटची तारीख पुढे सरकली का. एकाचंही उत्तर चुकलं तर जुनी फाइल तशीच ठेवून स्वतःला ईमेल पाठवायचा. पडद्यावर डेटाची शेवटची तारीख मोठ्या अक्षरांत दाखवा. पान कधी तयार झालं ती तारीख दाखवू नका. ती रोज पुढे जाते आणि डेटा शिळा झाला तरी सगळं ताजं वाटतं. ती डेटाची तारीख ठरावीक दिवसांहून जुनी झाली तर पानाने आपणहून 'अपडेट थांबले आहे' असं म्हणावं. हे सांभाळणं जमणार नसेल तर आजच गोठवा.

चालू कामं अपूर्ण असताना दाखवावीत का? दाखवावीत, फक्त 'लवकरच येत आहे' हा फलक लावू नका. आज काय चालतं, काय चालत नाही आणि हे कधी लिहिलं, एवढं द्या. अपूर्ण कामाचं एक चांगलं चित्र आणि त्याखाली अडलेला प्रश्न, हे वाचायला मला तरी पूर्ण झालेल्या दहा चकचकीत चौकोनांपेक्षा आवडतं. काम देणाऱ्यालाही त्यातून माणूस कसा विचार करतो ते दिसतं.

तसंच लिखाणाचं. 'रिॲक्ट, डीथ्री आणि नोड वापरून बनवलेला इंटरॲक्टिव्ह डॅशबोर्ड' या वाक्यातून काहीच कळत नाही. ते हजार साइट्सवर आहे. नमुना म्हणून असं काहीतरी लिहा: 'हवेच्या तासातासाच्या नोंदी. सकाळची वाढ वर्षभर असते की फक्त थंडीत, हे बघायचं होतं. आधी रोजची एक रेषा काढली, पण सगळ्या रेषा एकमेकींत गुंतल्या. मग आडवे तास आणि उभे दिवस घेऊन प्रत्येक तासाची एक रंगीत चौकट केली. थंडीतला पट्टा लगेच डोळ्यांत भरला. डेटा साफ करणं आणि आलेख माझा, पानाची मांडणी सहकाऱ्याची. स्थिती: गोठवलेलं.' कुणी काय केलं ते यात आलं, आणि सोडून दिलेली वाटही आली. मुलाखतीत प्रश्न येतात ते त्या सोडून दिलेल्या वाटेवरच.

तुमच्या साइटचं डिझाइन कसं असावं यावर माझं फारसं म्हणणं नाही. साधं ठेवा, फोनवर बघा, चित्रांना पर्यायी मजकूर द्या, अक्षरांचा रंग पार्श्वभूमीपासून निदान ४.५ला १ इतका उठून दिसू द्या. यादीच्या पानावर जिवंत चार्ट लोड करू नका, तिथे चित्रं पुरतात. लाल-हिरव्याच्या जोडीवर उभे असलेले जुने चार्ट मात्र एकदा तपासा. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्क्यांना त्या दोन रंगांतला फरक नीट कळत नाही, आणि इतर ठिकाणीही असे लोक कमी नाहीत. गोठवलेल्या कामाला हात लावू नये या नियमाला मी करतो तो अपवाद एवढाच: चार्टखाली तेच आकडे साध्या तक्त्यात जोडतो. चार्ट तसाच राहतो आणि ज्याला रंग वाचता येत नाहीत त्याचीही सोय होते.

सुरुवात डॅशबोर्डपासून करा, कारण तो रोज चुकीचं काहीतरी सांगत असू शकतो. मग एचटीटीपीचे पत्ते दुरुस्त करून बघा कोणते चार्ट उठून बसतात. जे उठतील ते गोठवा, जे उठणार नाहीत त्यांची चित्रं काढून 'बंद' लिहा. नकाशा त्यानंतर. कडांची दिशा उलटवल्यावर तो काळ्या पडद्यातून बाहेर आला आणि तुम्हाला पुन्हा त्यात रस वाटला तर चालू ठेवा. नाही वाटला तर आहे त्या अवस्थेतलं चित्र आणि साफ केलेल्या हद्दींची फाइल लोकांना उतरवून घेता येईल अशी ठेवा आणि त्याच्यापुढेही 'बंद' लिहा.